शेजारी यंत्रमाग, बजेट ६ हजार: घरी आवाज रेकॉर्ड करायला काय घेऊ?

मधलीसुट्टी:
नमस्कार मंडळी. बाबा ७६ वर्षांचे, मराठीचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या गोष्टी रेकॉर्ड करून बंगळुरूच्या नातीला पाठवायच्या आहेत. मोबाइलवर दोन करून बघितल्या. बाबा विहिरीत उतरून बोलतायत असं वाटतं आणि मागे शेजारच्या गल्लीतल्या मागांची खटाखट. इचलकरंजीत राहतो, त्यामुळे माग थांबायची वाट बघण्यात अर्थ नाही. जुना लॅपटॉप आहे. दुकानदाराने कंडेन्सर माइक, स्टँड आणि जाळी असा साडेतीन हजारांचा सेट दाखवलाय. घेऊ का?

पाऊसवेडा:
बिनधास्त घ्या. माझ्याकडे तसलाच आहे, आवाज खणखणीत येतो. स्टुडिओतही बरेचदा कंडेन्सरच असतात.

वायरमन:
पाऊसवेडा, स्टुडिओच्या भिंतीपलीकडे माग नसतात हो.
ताई, थांबा. कंडेन्सरचा पडदा नाजूक, बारीकसारीक सगळं टिपतो. बाबांचा श्वासही येईल आणि गल्लीतला मागही. शिवाय दुकानदाराला विचारा की लॅपटॉपला जोडायची पिन कोणती. त्या सेटमधल्या बऱ्याच माइकना ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या वायरीतूनच मिळणारी वीज लागते आणि लॅपटॉपच्या गोल भोकातून जेमतेम दोन-तीन व्होल्ट मिळतात. मग आवाज बारीक येतो, माणूस तो वाढवतो आणि सोबत खरखर वाढते.
तुम्हाला डायनॅमिक माइक हवा, म्हणजे कमी नाजूक, मुख्यतः जवळचं टिपणारा, आणि यूएसबीवाला. मावनो पीडी२००एक्स किंवा फिफाइन एएम८ बघा. दोन्हींना यूएसबी आणि एक्सएलआर (स्टुडिओतली तीन काड्यांची पिन) अशा दोन्ही पिना आहेत, म्हणजे आत्ता थेट लॅपटॉपला लावा, पुढेमागे इंटरफेस (असा माइक लॅपटॉपला जोडायचा डबा) घेतलात तरी माइक तोच चालेल. आत्ता इंटरफेसवर पैसे घालू नका.
आणि माइक तोंडाजवळ हवा. अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, माग मात्र होते तेवढेच राहतात. दोन फुटांवरून अर्ध्या फुटावर आणलात तर १२ डेसिबलचा फायदा, तोही फुकट. फक्त तोंडासमोर सरळ धरू नका, जरा तिरका ठेवा. नाहीतर प्रत्येक ‘फ’ आणि ‘भ’ला फटाका वाजेल.

गोधडीवाली:
माइकचं वायरमननी सांगितलं, पण विहीर माइकने बुजणार नाही. ती खोलीची आहे. फरशी, कोऱ्या भिंती, पत्र्याचं कपाट, आवाज आपटून परत येतो.
मी पहिल्यांदा गोधडी माइकच्या मागे टांगली होती आणि महिनाभर फरक का पडत नाही म्हणून वैतागले. माइक ऐकतो पुढचं, म्हणजे बोलणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीवरून आलेलं! गोधडी बाबांच्या पाठीमागे हवी. कपडे वाळत घालायच्या स्टँडवर दोन टाका, खाली सतरंजी, आणि माइकची पाठ खिडकीकडे. आवाज अडेल म्हणून भिंतीला अंड्यांचे ट्रे बिलकूल लावू नका, झुरळं तेवढी येतात. पंखा बंद. तुम्ही शेजारी बसणार असाल तर बांगड्या काढून ठेवा, हे मी माझ्या अनुभवाने सांगतेय.

पाऊसवेडा:
बरं, कंडेन्सर मागे घेतो. पण कॉलर माइक का नको? बोया एम१ हजाराच्या आत येतो, वायर ६ मीटर.

वायरमन:
वाईट नाही. पण तो चारी बाजूंचं ऐकतो, मागही ऐकेल. तरी बाबा गोष्ट सांगताना मान फिरवत, हातवारे करत असतील तर छातीवरचा माइक अंतर सोडत नाही, हा त्याचा मोठा गुण. ताई, बाबा कसे सांगतात?

मधलीसुट्टी:
वाघ आला की उठून उभे राहतात.

वायरमन:
मग हजारवाला आधी घ्या, उरलेले पाच हजार राखून ठेवा. फोनला गोल भोक नसेल तर टाइप-सीचा जोड लागेल.
लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे. साध्या बोलण्यातला सगळ्यात मोठा आवाज तिथल्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या; शून्याच्या वर आवाज फाटतो, वाघासाठी जागा हवी. सुरुवातीला पाच सेकंद कोणी बोलू नका. त्या शांततेचा नमुना देऊन नॉइज रिडक्शन, म्हणजे मागचा आवाज कमी करता येतो. पंख्याची घरघर त्याने जाते, मागाची खटाखट नीट जात नाही. जास्त ओढलंत तर बाबा पाण्याखालून बोलतील. ऐकून बघायला वायरवाला, कान झाकणारा हेडफोन घ्या. ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो.

मधलीसुट्टी:
आठ दिवसांनी सांगतेय. कॉलर माइक घेतला, गोधड्या टांगल्या. बाबा म्हणाले, “बाळंतिणीची खोली केलीस की काय?” पण विहीर गेली! खटाखट लांबून येते, नातीला ती बैलगाडी वाटली.
काल दुपारी लाइट गेली आणि सगळे माग एकदम गप्प. लॅपटॉप बॅटरीवर. एक गोष्ट इतकी स्वच्छ झाली की बाबांनी पान उलटलेलंही ऐकू येतं. दुसरीत वाघ गुहेच्या तोंडाशी आला आणि बॅटरी संपली. वीस मिनिटंच टिकते. ती गोष्ट गेली का?

वायरमन:
गेली नसावी. ऑडॅसिटी परत उघडा, अर्धवट राहिलेलं परत आणू का म्हणून ती स्वतःच विचारेल. हो म्हणा. आणि राखलेल्या पाच हजारांतून आधी बॅटरी बदला.