मदत हवी आहे: गावात केलेल्या क्षेत्र प्रकल्पाला गुण कसे देता?

तालुक्याच्या गावचं अनुदानित कॉलेज, कला आणि वाणिज्य. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर आलेल्या क्षेत्र प्रकल्पासाठी (फील्ड प्रोजेक्ट, म्हणजे मुलांनी बाहेर जाऊन करायचं अभ्यासाचं काम; २ क्रेडिट, ५० गुण) सहकारी प्राध्यापकांना मदत करायचं काम माझ्याकडे आहे.

मागच्या वर्षी मुलांनी एका गावात पाण्याचं सर्वेक्षण केलं. अहवाल जाडजूड, पण निम्मे एकमेकांचे उतरवलेले. सरपंचबाईंनी विचारलंच, "फॉर्म भरून नेलेत, पुढं काय?" उत्तर नव्हतं.

यंदा विषय ग्रामसभेत ठरवून घेतला: विहिरींची पातळी दर पंधरवड्याला मोजायची, शेवटी आकडे चावडीवर वाचून दाखवायचे. पाच-पाच जणांचे गट केलेत. एनएसएसचा (राष्ट्रीय सेवा योजनेचा) अनुभव सगळ्यांना आहे, पण श्रमदानाला गुण द्यायची वेळ कधी आली नव्हती!

यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मार्गदर्शक तत्त्वं वाचून झाली आहेत. वेगळा निधी नाही, येणं-जाणं एसटीनं, एका शिक्षकामागे चाळीस मुलं. त्यामुळे प्रत्येकाची वेगळी तोंडी परीक्षा जमणार नाही.

ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांना विचारतो: गटातल्या एकेकाचं काम कसं तपासता, आणि ५० पैकी किती गुण गावकऱ्यांच्या मतावर ठेवता?