मदत हवी आहे: इंग्रजीतला 'पंच' आपल्या 'पाच'वरून आला, असं छापू का?

मुक्ता_प
वाचनालयाच्या भित्तिपत्रकात 'ओळखीचे इंग्रजी शब्द' असं सदर आहे. यावेळचा शब्द 'पंच'. जमवलेले अर्थ: ठोसा, कागदाला भोकं पाडायचं यंत्र, फिटरचं हत्यार, पार्टीतलं पेय आणि बाहुल्यांच्या खेळातलं पात्र. नेटवर जिथे पाहावं तिथे 'पाच पदार्थ म्हणून पंच' असं ठासून लिहिलंय. हे सगळे एकाच शब्दाचे अर्थ आहेत का? 'पाच'वाली व्युत्पत्ती पक्की आहे का? आणि १२० शब्दांत नोंद कशी बसवू? मंगळवारी छपाई आहे.

जुना_कोश
मुक्ताताई, एका शब्दाचे नाहीत. स्पेलिंग एक, उच्चार एक, पण शब्द किमान तीन. कोशात अशा वेळी शीर्षशब्द तीनदा येतो, डोक्यावर १, २, ३ असे बारीक आकडे घेऊन. एकाच शब्दाचे फुटलेले अर्थ मात्र एकाच शीर्षशब्दाखाली क्रमाने येतात. तुमची नोंद याच पद्धतीने मांडा, निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

पंच १: ठोसा, भोक आणि हत्यार हे तिन्ही इथले. मूळ लॅटिन 'पुंगेरे', म्हणजे टोचणे. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये टोकदार हत्याराचं नाव आणि टोचण्याचं क्रियापद झालं, ते चौदाव्या शतकात इंग्रजीत आलं. आधी अर्थ होता टोचणे, ढोसणे. जनावरं काठीने ढोसत हाकणे हाही त्यातलाच. मुठीने मारणे हा अर्थ सोळाव्या शतकातला. म्हणजे आधी टोचा, मग ठोसा. पॉइंट, पंक्चुअल, पंक्चर हे याच घरातले. आपण 'पंचर काढतो' तेव्हा तोंडात हेच लॅटिन असतं.

पंच २: बाहुलीनाट्यातला. इटालियन पुल्चिनेल्ला, त्याचं इंग्रजीत पंचिनेलो आणि मग नुसतं पंच. सॅम्युअल पीप्सने ९ मे १६६२ रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये इटालियन बाहुल्यांचा खेळ पाहिल्याची रोजनिशीत नोंद आहे. १८४१ साली निघालेल्या लंडनच्या विनोदी साप्ताहिकाचं नाव याच पात्रावरून. आपल्याकडे ठाण्याहून 'हिंदुपंच' निघायचं. त्या नावात लंडनचा पंच आणि निवाडा करणारा पंच असे दोघेही ऐकू येतात.

पंच ३ म्हणजे पेय. त्यावर सावकाश लिहितो, वाद तिथेच आहे.

लेथवाला
हत्याराबद्दल थोडं. 'पंच म्हणजे भोक पाडायचं हत्यार' एवढंच लिहू नका. सेंटर पंच भोक पाडत नाही, खूण पाडतो. त्याचं टोक ९० अंशांचं. रेखाटनाच्या रेषेवर ठिपके द्यायचा डॉट पंच ६० अंशांचा. खूण न करता ड्रिल लावलं तर ते सरकतं, कारण ड्रिलच्या अगदी मधली कड धातू नीट कापत नाही, नुसती घासते. पंचाच्या खड्ड्यात ती कड बसली की भोक जागेवर पडतं. 'टोचणे' हा मूळ अर्थ जसाच्या तसा इथे दिसतो.

ऑफिसातल्या दोन भोकांच्या पंचाचं मापही ठरलेलं आहे: भोकांच्या मध्यांत ८० मिमी अंतर, भोक ६ मिमीचं, कागदाच्या कडेपासून १२ मिमीवर.

जुना_कोश
आता पेय. इंग्रजीत हा शब्द १६३२ च्या एका पत्रात सापडतो, आणि ते पत्र ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसाचं आहे. १६३८ साली सुरतेत आलेला जर्मन प्रवासी मांडेल्सलो 'पालेपुंट्झ' लिहितो, फ्रेंच बर्निए 'बुलेपोंज'. दोन्हींत 'बोल', म्हणजे वाडगा, आणि पंच आहे. 'पाच'चा उघड दाखला देतो जॉन फ्रायर, कंपनीचा डॉक्टर. नेरूळला अरक नावाची उत्तम दारू होते, इंग्रज तिचं 'पाँच' करतात, हिंदुस्तानीत त्याचा अर्थ पाच, कारण त्यात पाच पदार्थ, असं तो लिहितो. हे नेरूळ गोव्यातल्या बारदेशातलं, नवी मुंबईचं नव्हे.

म्हणजे जागा, काळ आणि माणसं तिन्ही जुळतात. मग शंका कशाला? एक, मांडेल्सलोच्या कृतीत चारच जिन्नस आहेत: दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर. दोन, उच्चार. तेव्हाच्या इंग्रजीत या स्पेलिंगमधला स्वर 'उ'कडे झुकणारा होता, म्हणजे 'पुंच'. 'पाँच'मधल्या 'आ'शी किंवा 'पंच'मधल्या 'अ'शी तो सरळ जुळत नाही. म्हणून काही अभ्यासक 'पंचन' या पिंपाच्या नावाकडे बोट दाखवतात. खलाशांना दारू पिंपातूनच मिळायची. पण हा स्वर त्याच शतकात बदलत होता, आणि आपल्या 'अ'साठी इंग्रजांनी पुढे तेच 'यू' अक्षर वापरलं. 'पंडित' आणि 'पंजाब'ची इंग्रजी स्पेलिंगं बघा. माझं वजन 'पाच'कडे. तरी नोंदीत 'बहुधा' हा शब्द हवाच. तो गाळला की नोंद खोटी होते.

रानवाट
एक भर. 'पाच' आणि इंग्रजी 'फाइव्ह' एकाच आदिम मुळातले, हे निर्विवाद. मुठीचा इंग्रजी शब्द 'फिस्ट' हाही बहुधा त्याच मुळातला, पाच बोटांचा म्हणून. म्हणजे ठोसा या अर्थाच्या 'पंच'चा पाचाशी काही संबंध नाही, पण तो मारणाऱ्या मुठीचा असावा!

मुक्ता_प
सगळ्यांचे आभार. पेयाची नोंद अशी केली: 'पंच ३. पेय. बहुधा हिंदुस्तानी "पाँच"वरून; फ्रायरने १६९८ साली गोव्यात पाहून तसं लिहिलं. पिंपाच्या "पंचन" या नावावरून, असंही एक मत.' चालेल?

जुना_कोश
१६९८ हे त्याच्या पुस्तकाच्या प्रकाशनाचं साल. तो हिंदुस्थानात होता १६७० च्या दशकात. 'गोव्यात पाहून' काढा आणि 'फ्रायरच्या १६९८ साली छापलेल्या प्रवासवर्णनात तसं म्हटलं आहे' असं करा. बाकी जसंच्या तसं छापा.