सीमाभागातली सरकारी नोकरी: तुमची सवलत तुम्हाला कुणी वाचून दाखवली?

बाबा गेल्या महिन्यात निवृत्त झाले. एका तालुक्याच्या कार्यालयात छत्तीस वर्षं काढली. म्हैसुरी पेटा, शाल, पेढे, भाषणं सगळं झालं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढून माझ्यापुढे ठेवली. "ह्यातलं काय ठेवायचं बघ."

विम्याचे बाँड, पगारवाढीचे हुकूम, रजेचे अर्ज. सगळं कानडीत. मी बेळगावात मराठी शाळेत शिकले, कानडी एक विषय होता. दुकानाच्या पाट्या सरसर वाचते. पण 'गळिके रजे' म्हणजे अर्जित रजा आणि 'तुट्टी भत्ये' म्हणजे महागाई भत्ता, हे ह्या ट्रंकेने शिकवलं. कर्नाटक सरकारच्या विमा खात्याचा, म्हणजे केजीआयडीचा हप्ता दरमहा पगारातून सक्तीने कापला जातो. त्या पॉलिसीवर कर्ज मिळतं हे बाबांना कळलं तेव्हा दादाच्या इंजिनियरिंगसाठी सोसायटीचं महागडं कर्ज काढून झालं होतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हल्याळ, कारवार, जिकडचे असाल तिकडून लिहा. पगार सगळ्यांनाच कळतो, पगाराखेरीज काय मिळालं आणि ते मिळतं हे तुम्हाला सांगितलं कुणी? कार्यालयाचं आणि साहेबाचं नाव मात्र घालू नका.

निवृत्त कारकून

1986 साली लागलो. बाहेर कानडी सक्तीविरुद्ध आंदोलन पेटलेलं आणि मी आत दार लावून कानडी भाषा परीक्षेचा अभ्यास करत होतो. शेजारच्या खोलीतला मित्र मोर्चाहून घसा बसवून यायचा आणि माझ्याकडून आलेपाक घेऊन जायचा. पुस्तक उशीखाली ढकलायचो. पहिल्या वेळी नापास झालो, प्रोबेशन लांबलं. दुसऱ्या वेळी पास झालो, ते एका कानडी हेडक्लार्कमुळे. रोज साडेपाचनंतर जुन्या फायली समोर टाकून टिप्पणी कशी लिहायची ते शिकवलं त्यांनी. कधी चहाचे पैसेही देऊ दिले नाहीत.

रजांबद्दल. 2019 पर्यंत वर्षाला 15 किरकोळ रजा होत्या. मग चौथा शनिवार सुट्टीचा केला आणि किरकोळ 10 वर आणली. हिशेबाने फायदाच आहे, पण गणपतीला शनिवार चालत नाही हो. घरात पाच दिवसांचा गणपती असणाऱ्याला विचारा.

माझा चुलतभाऊ चंदगडला, महाराष्ट्राच्या नोकरीत. आमच्या दोघांच्या घरांमध्ये पंचवीस किलोमीटर. तो 58 ला घरी बसला, मी 60 ला. ती दोन वर्षं दिवाळीला तो मला "अजून जातोस काय रे?" म्हणून चिडवायचा. पगाराच्या पावत्या शेजारी ठेवल्या की मात्र गप्प मी व्हायचो.

बसवाला (लिहितेय त्यांची मुलगी)

मी कंडक्टर. सांगतोय मी, टाईप पोरगी करतीय.

11 जून 2023 पासनं बायकांना शक्ती योजनेत बस फुकट. लोकांना वाटतंय कंडक्टर आता आरामात. अहो, फुकट म्हंजे शून्य रुपयाचं तिकीट प्रत्येक बाईला द्यायचंच, कार्ड बघायचंच. आणि सवलत कर्नाटकातल्या बायकांनाच. आता आमच्या उचगावची पोरगी चंदगडात दिलेली, आधार बदलून महाराष्ट्राचं झालेलं. माहेरला येताना मला म्हणती, "मामा, मी हितलीच न्हवं काय?" हितलीच गं बाई, पण मशीनला कोण सांगणार. तिकीट फाडलं, तिनं पैसे दिले, आणि उतरेपर्यंत माझ्याकडं बघितलं न्हाई.

पगारवाढ चार वर्षांनी व्हायची. 2020 ची वाढ मिळाली 1 मार्च 2023 पासनं, 15 टक्के. मधल्या 38 महिन्यांच्या फरकासाठी भांडण चालूच ऱ्हायलं.

आणि एक गोष्ट सांगतो, ह्या धाग्यात बसती. 2021 च्या एप्रिलात संप झाला, सहाव्या वेतन आयोगाप्रमाणं पगार द्या म्हणून. आमच्यातल्या एका नवीन पोराला कागद आला. पोरगं मराठी शाळेतलं. अक्षरं लागत होती, अर्थ त्यानं मराठीतला लावला. कागदावर होतं, 'सेवेयिंद वजा'. तो आईला म्हणाला, संपाच्या दिवसांचा पगार वजा केलाय, जाऊ दे. आईनं सुटलो म्हणून गणपतीपुढं नारळ फोडला. संध्याकाळी मी खोबरं खात खात कागद बघितला आणि घास अडकला. कानडीत वजा म्हंजे कामावरनं काढलं!

पुढं घेतलं त्याला परत. पण डेपोत त्याचं नाव वजाच पडलं. "वजा, चहा सांग."

खडू-फळा

वरचं वाचून हसू की रडू कळेना, दादा.

मी सरकारी मराठी प्राथमिक शाळेत. आमच्याकडे 1 एप्रिल 2006 ही तारीख म्हणजे नदी आहे. अलीकडच्या काठावर जुनी पेन्शन, पलीकडे एनपीएस, म्हणजे पगारातून कापून घेणारी नवी पेन्शन योजना. माझ्या भरतीची जाहिरात त्या तारखेआधीची, नेमणूक नंतरची, म्हणून मी पलीकडे. सोळा-सतरा वर्षं दर महिन्याला पगारातून 10 टक्के कापले गेले आणि माझ्याच शाळेतल्या, माझ्यापेक्षा जेमतेम दोन वर्षं आधी लागलेल्या बाई निवांत.

मग 2024 च्या जानेवारीत सरकारने हुकूम काढला, की जाहिरात आधीची असेल तर जुन्या पेन्शनमध्ये येता येईल. राज्यात सुमारे 13,000 जणांचा प्रश्न होता. हुकूम व्हॉट्सअॅपवर फिरत फिरत आमच्या मराठी शिक्षकांच्या ग्रुपवर आला, अर्थातच कानडीत, आणि तीन दिवस त्यावर फक्त हात जोडलेले इमोजी! प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने वाचलाय. चौथ्या दिवशी एका निवृत्त गुरुजींनी फोनवर बोलून त्याचा मराठी सारांश टाकला, साडेसात मिनिटांचा, मधे त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या. त्या शिट्ट्यांसकट मी तो अजून जपून ठेवलाय.

बाकी चांगलंही लिहायला हवं. 1 ऑगस्ट 2024 पासून सातवा वेतन आयोग आला, किमान मूळ पगार 17,000 वरून 27,000 झाला. बायकांना मूल 18 वर्षांचं होईपर्यंत एकूण 180 दिवसांची बालसंगोपन रजा आहे, 2021 पासून. मी मुलाच्या दहावीला पंधरा दिवस मागितली तर मला सांगितलं गेलं, "मराठी शाळेला बदली शिक्षक कुठून आणू?" खोटंही नव्हतं ते. दोन शिक्षकी शाळा, दुसऱ्या सरांकडे बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं काम. रजा नियमात आहे, माणूस नाही.

जांबोटीपलीकडची

मी ग्रामीण डाक सेविका, शाखा पोस्टमास्तर. खानापूर तालुक्यातलं जंगलातलं गाव आहे, पावसाळ्यात कणकुंबीकडून ढग सरळ घरात येतात. दहावीच्या मार्कांवर निवड झाली. स्थानिक भाषा येण्याची अट असते, शाळेतलं कानडी तिथे कामी आलं.

आमचं काम चार तासांचं धरतात. 2018 मध्ये नवा दर झाला तेव्हा शाखा पोस्टमास्तरला 12,000, वर महागाई भत्ता. त्याला पगार म्हणायचं नसतं, त्याचं नाव मोठं आहे, इंग्रजीत, आम्ही सगळे टीआरसीए म्हणतो. 65 पर्यंत काम करता येतं. नेहमीची पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी आणि थोडी ठेव. सहा महिन्यांना 10 दिवस रजा, पण आपल्या जागी बदली माणूस आपणच उभा करायचा. माझी बदली म्हणजे नणंद. तिचं आणि माझं बिनसलं की माझी रजा गेली! ह्यावर हसू नका.

बाळंतपणाला 180 दिवस मिळाले, ते मात्र मनापासून सांगते. आईच्या काळात गावातल्या कुठल्या बाईला मिळाले होते?

चार तास कागदावरचे. नेटवर्कसाठी मशीन घेऊन देवळामागच्या टेकाडावर जाते, तिथे एक काडी येते. म्हाताऱ्या बायका पेन्शनीसाठी मागोमाग चढतात. त्यांना कानडी कागद आला की मीच वाचून सांगते. माझ्या स्वतःच्या हक्काचं परिपत्रक इंग्रजी-हिंदीत येतं, ते मला कुणी वाचून दाखवत नाही. धागाकर्तीच्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच.

खाकी

थोडक्यात लिहितो, ड्युटीवर आहे. बेळगावजवळ हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं, त्यामुळे आमच्या घरात डिसेंबरात लग्न धरत नाहीत. रजा विचारायचीच नाही. 1 नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, सीमाभागातले मराठी लोक काळा दिन पाळतात, त्याच्या सायकल फेरीला बंदोबस्त असतो. फेरीत माझा सख्खा मावसभाऊ. दरवर्षी तो माझ्याकडे बघत नाही, मी त्याच्याकडे बघत नाही. रात्री जेवायला एकाच घरी.

अंगणवाडी ताई

आम्हाला मिळतं त्याला कानडीत 'गौरवधन' म्हणतात. गौरव पोचला, धन हळूहळू येतंय. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने अंगणवाडीवाल्यांना ग्रॅच्युइटी लागू आहे असं म्हटलं, तो निकाल मला आमच्या मदतनीस बाईने सांगितला, ती चौथी शिकलेली. मुलाने मोबाईलवर वाचून दाखवला म्हणे.

निपाणीचा, सध्या कोल्हापूर

महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या 865 गावांतल्या उमेदवारांना इकडच्या नोकरीला अर्ज करता येतो, आमचं गाव यादीत आहे म्हणून मी इकडे आलो. परिपत्रकं मराठीत येतात. तीही समजत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. बसवाल्या काकांचं 'वजा' बाबांना वाचून दाखवलं. खूप हसले. मग उठून ट्रंकेजवळ गेले आणि तळातून एक पिवळा कागद काढून आणला. 1998 चा रजेचा अर्ज, आठ दिवसांसाठी. कोपऱ्यात लाल शाईत शेरा, 'तिरस्करिसलागिदे'.

मी म्हटलं, "बाबा, एवढा तिरस्कार कुणी केला तुमचा?"

"तिरस्कार न्हवे गं. नामंजूर. साधा शब्द आहे कानडीतला."

मी तारीख बघितली. माझ्या वाढदिवसाच्या आदल्या दिवसाची.

"म्हणून तर," बाबा म्हणाले, "तू झालीस ते मला चौथ्या दिवशी समजलं. बेळगुंदीचा एक माणूस दाखला काढायला आलेला, त्यानं खिडकीतनं सांगितलं."