मदत हवी आहे: जिप्सीचा प्रोपेलर शाफ्ट ॲल्युमिनियमचा करून घ्यावा का?

पेडण्याची_जिप्सी

नमस्कार मंडळी. गाडी मारुती जिप्सी किंग, पेट्रोल, फोर बाय फोर. राहतो पेडण्याला, काम पणजीला, त्यामुळे रोजचा हायवे 66 आहेच. सुट्टीत चोर्ला नाहीतर अनमोड घाट. आधीच्या मालकाने लांब शॅकल (स्प्रिंगचं टोक चेसिसला टांगणाऱ्या पट्ट्या) टाकून गाडी उचललेली आहे, टायरही एक माप मोठे.

दुखणं असं: 65 च्या पुढे सीटखालून घरघर सुरू होते आणि 75-80 ला गियरचा दांडा हातात थरथरतो. गाडी खेचत असताना जास्त, ॲक्सिलरेटर सोडला की बरीच कमी. चाकांचं बॅलन्सिंग, अलाइनमेंट करून झालं. म्हापशाच्या एका गॅरेजवाल्याने गाडीखाली जाऊन प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे इंजिनची ताकद चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचे, क्रॉस (टोकांचे वळणारे सांधे) हलवून बघितले, म्हणाला "बरे आसात".

आता ऑफरोडवाल्या ओळखीतल्या एकाने डोक्यात भरवलंय की स्टीलचा शाफ्ट काढ आणि ॲल्युमिनियमचा बनवून घे. वजन कमी, थरथर बंद, पिकअप वाढेल, शिवाय आपल्या खाऱ्या हवेत गंजायचा नाही. फक्त मागच्या शाफ्टचे 38 हजार सांगतोय. कार्बन फायबरचंही नाव काढलं होतं, पण किंमत ऐकल्यावर मीच विषय बदलला. चवथीआधी घराला रंग द्यायचाय, तेव्हा हे 38 हजार कुठे गेले याचा जाब द्यावा लागणार. त्यात खरंच काही अर्थ आहे का?

डिचोलीचो_लेथवालो

पात्रांव, पैसे खिशातच ठेवा. खेचताना थरथर आणि सोडल्यावर कमी, हे लक्षण पाइपच्या धातूचं नाही, क्रॉसच्या कोनाचं आहे.

क्रॉस वाकड्या कोनात फिरला की शाफ्टचा वेग एका फेरीत दोनदा वाढतो, दोनदा कमी होतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल तर तो हा फरक खाऊन टाकतो. तुमच्याकडे लांब शॅकल आहेत. त्यांनी पाट्याचं (लीफ स्प्रिंगचं) मागचं टोक चेसिसपासून खाली गेलं, मागच्या ॲक्सलचं हाउसिंग फिरलं आणि पिनियनचं, म्हणजे शाफ्ट जोडला जातो त्या गियरचं, तोंड वर झालं. म्हणजे दोन टोकांचे कोन वेगळे झाले. आता तिथे सोन्याचा शाफ्ट लावलात तरी थरथरणारच. पाटा आणि हाउसिंगच्या मध्ये उतरती पाचर घालून पिनियनचं तोंड जागेवर आणतात. काम छोटं आहे, पण कोन मोजून करणारा हवा, अंदाजाने ठोकणारा नको.

त्याआधी एक गोष्ट स्वतः बघा. शाफ्टला स्लिपचा (आतबाहेर सरकणारा) जोड असतो, तिथे स्प्लाइन, म्हणजे उभे दाते आहेत. कुणी तो सुटा करून एक-दोन दाते इकडेतिकडे बसवला असेल तर दोन्ही टोकांच्या योकचे (क्रॉस धरणाऱ्या फाट्याचे) कान एका रेषेत राहत नाहीत. गाडीखाली आडवं होऊन नुसत्या डोळ्यांनी कळतं. जोडावर बाणाची खूण असते, बहुतेक वेळा मातीखाली गाडलेली. वायर ब्रशने घासा.

आणि गाडीला लावलेला क्रॉस हलवून काही समजत नाही. शाफ्ट खाली उतरवा, क्रॉस बोटांनी फिरवा. मधोमध खटकन अडकल्यासारखा झाला की तो गेला. क्रॉसच्या टोकांवरच्या कपच्या कडेला तांबडी पूड दिसली तर आतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या पडल्यात. जिप्सीत गिअरबॉक्सपासून ट्रान्सफर केसपर्यंत (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीपर्यंत) एक आखूड शाफ्ट वेगळा आहे, त्याचे क्रॉस हमखास विसरले जातात.

आकडेमोड

कोनाबद्दल वर लिहिलंय ते पटलं. मी फक्त "वजन कमी, पिकअप जास्त" याचा हिशेब मांडतो.

जिप्सी हजारभर किलोची, ताकद 80 अश्वशक्ती. मागचा शाफ्ट आखूडच. ॲल्युमिनियमने समजा 2-3 किलो वाचले. शाफ्ट चाकाच्या जवळपास चौपट फिरतो हे खरं, पण त्याचं वजन मध्यापासून जेमतेम अडीच सेंटिमीटरवर असतं. त्यामुळे फिरवायला लागणाऱ्या जोरातली बचत धरूनही फायदा साधारण पाव किलोने वाढतो. जॅक आणि पाने घरी ठेवलेत तर पिकअप याहून जास्त सुधारेल! मोठ्या टायरनी जे वजन चाकाच्या कडेला वाढवलंय ते या सगळ्यापेक्षा कितीतरी जड पडतं.

थरथरीचं म्हणाल तर, लांब शाफ्ट एका ठरावीक वेगाला दोरीउडीच्या दोरीसारखा मध्ये फुगायला लागतो. ती मर्यादा लांबी आणि व्यासावर ठरते. ॲल्युमिनियमचं वजन स्टीलच्या सुमारे एक-तृतीयांश, पण ताठपणाही तितकाच कमी, म्हणून त्याच मापाच्या पाइपची मर्यादा जवळजवळ तीच राहते. जिप्सीचा शाफ्ट 80 च्या वेगाला मिनिटाला अडीच हजारांच्या आसपास फेऱ्या मारतो. एवढ्या आखूड पाइपची मर्यादा कितीतरी वर आहे.

हलक्या शाफ्टचा खरा उपयोग लांब, जोरदार गाड्यांना. मध्ये बेअरिंग असलेला दोन तुकड्यांचा शाफ्ट काढून तिथे जाड व्यासाचा एकच तुकडा बसवता येतो. बीएमडब्ल्यूने 2014 च्या एम3 आणि एम4 ला कारखान्यातूनच कार्बनचा दिला होता. चारशेच्या वर अश्वशक्तीच्या गाड्या त्या. तरी 2017 च्या अखेरीस एक्झॉस्टच्या फिल्टरला जागा हवी म्हणून कंपनीने परत स्टीलचा लावलाच.

मोरजीकर

गंजाचं मी सांगतो, समुद्र माझ्या दारात आहे. ॲल्युमिनियमला तांबेरा धरत नाही, पण क्रॉसचे कप स्टीलचे. दोन धातू चिकटून, वर खारं पाणी, की ॲल्युमिनियम पांढरं होऊन खायला लागतं आणि कप योकमध्ये असे जाम होतात की काढताना कान फुटायची भीती. शिवाय चोर्ल्याच्या आडवाटेला दगड लागला तर? स्टीलचा पाइप चेपला तरी हळूहळू घरी येता येतं, आणि ट्रकची कामं करणारा कुणीही लेथवर सरळ करून देतो. ॲल्युमिनियमला वेल्डिंगची आच लागली की त्या जागी ताकद उतरते.

स्टीलचाच घासून घ्या, प्रायमर, वर काळा रंग, आणि पावसाळा सुरू व्हायच्या आधी व संपल्यावर ग्रीस.

पेडण्याची_जिप्सी

सगळ्यांचे आभार. आत्ताच गाडीखाली जाऊन आलो. मागच्या शाफ्टचे कान एका रेषेत आहेत, पण त्या आखूड शाफ्टच्या क्रॉसला चक्क तांबडी पूड आहे! मूळ शॅकलही लावून बघायचा विचार आहे. एक शंका: पुढचा शाफ्ट काढून टू व्हीलवर गाडी चालवून पाहिली तर चालेल का? आणि बॅलन्सिंग कुठे होईल?

डिचोलीचो_लेथवालो

बेलाशक चालवा. दोन्ही टोकांचे बोल्ट काढले की पुढचा सुटतो, फक्त फोर व्हीलचा दांडा ओढू नका. पुढचा काढून थरथर गेली तर दोष पुढच्यात. नाही गेली तर आधी त्या आखूड शाफ्टचे दोन्ही क्रॉस बदला. बॅलन्सिंगसाठी खाणीच्या ट्रकांची कामं करणारे आमच्याकडे डिचोलीत आणि उसगावला आहेत. मशीनवर फिरवून वजनाची पट्टी वेल्ड करून देतात. शाफ्ट नेताना उतरवण्याआधी दोन्ही फ्लँजवर (बोल्ट लागतात त्या चकत्यांवर) पंचने खूण करा, नाहीतर परत बसवताना वेगळ्याच भोकांत बसेल.