सिकलसेलचं समुपदेशन कोणी करायचं? बाहेरच्या शिकलेल्यानं की आपल्यातल्यानं?

एटापल्लीची सिस्टर
सिकलसेल हा आईबापाकडून लेकरात उतरणारा रक्ताचा आजार. त्याची राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झाली. २०४७ पर्यंत आजार संपवायचा, ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची. रक्त घेतलं जातंय, निकालाची कार्डं वाटली जातायत. पण कार्ड हातात पडल्यावर पुढचं कोण समजावणार?

एका माडिया जोडप्याची गोष्ट सांगते. दोघंही एएस, म्हणजे वाहक: स्वतः आजारी नाहीत, पण दोष लेकरात उतरू शकतो. शहरातून आलेल्या समुपदेशकानं सांगितलं, "मूल एसएस, म्हणजे आजारी, होण्याची शक्यता २५ टक्के." आशाताईनं जमेल तसं माडियात सांगितलं. त्यांना कळलं ते असं: चार लेकरांत एक आजारी, पहिलं आजारी निघालंच, आता पुढची तिन्ही सुटली. दुसरंही एसएस निघालं. खोटं कुणीच बोललं नव्हतं.

आता मी चिंचोके घेऊन बसते. नवऱ्याच्या मुठीत दोन, बायकोच्या मुठीत दोन. प्रत्येकीत एक काळा, एक घासून पांढरा केलेला. दोघांनी न बघता एकेक काढायचा. दोन्ही काळे आले तर बाळ आजारी. मग चिंचोके परत मुठीत, कारण पुढच्या बाळाला डाव नव्यानं लागतो. पाच-सहा वेळा खेळले की डोळ्यांत कळतं, समजलं म्हणून.

माझं मत: माडिया, गोंड, कोरकू, कोलाम आणि बौद्ध वस्तीतल्या पोरींना विद्यावेतन देऊन जनुकीय समुपदेशक, म्हणजे असे आनुवंशिक आजार समजावून सांगणाऱ्या, करा आणि त्यांच्यासाठी कायमची पदं काढा. अमेरिकेत या विषयाचा पहिला अभ्यासक्रम १९६९ मध्ये सारा लॉरेन्स कॉलेजात निघाला. आजही तिथे बहुतेक समुपदेशक गोऱ्या बायका आहेत. आपण तर आत्ता सुरुवात करतोय.

लॅबवाला, वर्धा
सिस्टर, चिंचोके आवडले, मत नाही पटलं. हे काम भाषेवर भागत नाही. सोल्युबिलिटी ही पहिली झटपट चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे एएस की एसएस ते कळत नाही, त्याला एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या चाचण्या लागतात. सिकल-बीटा थॅलेसेमिया, म्हणजे एका पालकाकडून सिकलचा आणि दुसऱ्याकडून थॅलेसेमियाचा दोष, असला तर आणखी गुंता. गर्भाची तपासणी करायची तर अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास शहर गाठायचं असतं, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. हे सगळं बोलायला दोन वर्षांची एम.एस्सी. लागते. जातीकडे बघून माणूस नेमला आणि त्यानं रिपोर्ट चुकीचा सांगितला, तर भोगणार तोच आदिवासी.

धारणीची पोर
दादा, एम.एस्सी. नको असं सिस्टर कुठं म्हणाल्या? एम.एस्सी.पर्यंत आमाले पोचू द्या, असं म्हनतात त्या. आमची कोरकू ना मराठीसारखी, ना गोंडीसारखी. दुभाष्या मधात बसला की अर्धी गोष्ट तिथंच सांडते. अन् माय कोनाले काय इचारते, ते समोर कोन बसलं त्याच्यावर असते. बाहेरच्या साहेबापुढं ते मान हलवते अन् घरी येते. हलवलेली मान म्हंजे समजलं, असं लिहून घेतात.

पांढरकवड्याचा बाप
माझं पोरगं एसएस आहे, नऊ वर्षांचं. हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालू आहे. आमी बौद्ध. पयले हे सांगतो का हा फक्त आदिवासीयचा आजार नाही. तेली-कुणब्यायच्या घरातही निघते, पन ते लपवतात, काहून का 'त्यायचा आजार' असं नाव पडलं आहे.

आता सिस्टरचं मले अर्धंच पटते. आमच्या पुतणीचं लग्न जुळलं होतं. ते एएस आहे हे सोयऱ्यायले कोन सांगितलं? गावातल्याच, ओळखीच्या मानसानं. सोयरीक मोडली. वाहकाले तसा काई त्रास नसते, पोरगी धडधाकट आहे, तरी दोन वर्षं कोनी दारात आलं नाही. म्हनून मले आपल्यातलं मानूस पायजे, पन आपल्या गावातलं नको.

लॅबवाला, वर्धा
माझी भीती हीच आहे. अमेरिकेत सत्तरच्या दशकात काळ्या लोकांच्या तपासण्या झाल्या आणि नुसते वाहक असलेल्यांनाही नोकरी आणि विमा नाकारले गेले. तिथल्या हवाई दलाच्या अकादमीनं वाहकांच्या प्रवेशावरची बंदी १९८१ मध्ये उठवली. गुप्तता नसेल तर तपासणीच घातक.

एटापल्लीची सिस्टर
भाऊ, पुतणीचं वाचून वाईट वाटलं. तुमचं मान्य करते, नेमणूक दुसऱ्या तालुक्यात व्हावी. पण लॅबवाले दादा, ती माहिती शिकलेल्या बाहेरच्याकडूनही फुटते. आमच्याकडे शिबिरात माईकवरून नावं वाचली गेली होती, "एएसवाले या बाजूला." वाचणारा गावचा नव्हता. त्याला त्या नावांमागची माणसं दिसतच नव्हती.

आणखी एक. "एएसनं एएसशी लग्न करूच नका" असं दटावणारे मी खूप पाहिले. समुपदेशकाचं काम काय होऊ शकतं ते सांगायचं, निर्णय त्या दोघांचा. आदिवासी समोर असला की हा नियम सगळ्यात आधी विसरला जातो.

लॅबवाला, वर्धा
माईकचं मी ऐकलं नव्हतं, ते अक्षम्य आहे. तरी परीक्षेचा दर्जा कमी करायला माझा विरोध राहील. प्रवेशाला सवलत द्या, उत्तीर्णतेला नको.

धारणीची पोर
उत्तीर्णतेले सवलत मागितली कोनं? मी बी.एस्सी. शेवटच्या वर्षाले आहे. मले फक्त सांगा, नागपुरात दोन वर्षं राहाचं तर होस्टेल अन् फी कुठून आनू?

पांढरकवड्याचा बाप
बाई, तू शिक. आमचं पोरगं घेऊन मी तुह्याकडंच येईन.