विहिरीवरच्या आंब्याला मधमाश्या बसल्यात, काय करावं?

रानातला
हरसूलच्या पुढे, डांबरी सोडून दीड किलोमीटर आत शेत आहे. काल दुपारी विहिरीजवळच्या आंब्याला माश्यांचा मोठा घोस लागला. खालीच डिझेल इंजिन, टोमॅटोचं पाणी अडलंय. गडी म्हणतो रात्री टेंभा लावू. शेतात रेंज नाही.

मधपाळ दिंडोरी
दादा, टेंभा अजिबात नको. वाचलेल्या माश्या सकाळी वाटेने जाणाऱ्या कुणालाही धरतात, शिवाय वाळलं गवत पेटतं.
लांबूनच बघा. सातेरीचा, म्हणजे पेटीत पाळतात त्या लहान मधमाशीचा, थवा नुसता उतरला असेल तर पोटात मध भरलेला असतो, राखायला पिल्लं नसतात. डिवचलं नाही तर दोन-चार दिवसांत आपणच उठतो. मधपाळ तो संध्याकाळी पेटीत भरूनही नेतो. आग्या मोहोळाची माशी सातेरीच्या दीडपट मोठी. पोळ्यावर माश्यांचा पडदा असतो, आणि त्यावर लाट सरसरत गेली की त्यांना चाहूल लागली समजा. हळूच मागे सरका. आग्या पेटीत राहत नाही, त्याच्या वाटेला जाऊ नका.

आरोग्यसेविका
माश्या उठल्याच तर हात झाडू नका, विहिरीत उडी तर मुळीच नको, त्या वर घोंघावत राहतात. तोंड-डोकं कापडाने झाका आणि सरळ पळत घरात किंवा काचा बंद गाडीत शिरा. आग्या शेकडो मीटर पाठलाग करतो. आत गेल्यावर काटे नखाने लगेच खरवडा. चिमटा शोधत बसू नका, काट्याची पिशवी विष सोडतच राहते आणि त्याच्या वासाने बाकीच्या माश्या तिथेच येतात.
अंगभर गांधी उठणं, ओठ-जीभ सुजणं, धाप, चक्कर यातलं काहीही दिसलं तर ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं, नुसत्या ॲलर्जीच्या गोळीवर थांबू नका. डंख ४०-५० च्या वर असतील तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात न्या. लघवी काळपट-लाल झाली तर मूत्रपिंडाला धोका असतो. रेंज नाही म्हणून गाडी आजपासून रस्त्याकडे तोंड करून लावा. रेंज मिळाली की १०८.

रानातला
लाट दिसली, आग्याच आहे. इंजिन रात्री हलवू का?

मधपाळ दिंडोरी
नको. चांदण्यात आग्या उडतो, बॅटरीच्या उजेडावर तर थेट येतो. ते इंजिन तिथेच राहू द्या, दुसरं भाड्याने आणून लांब ओढ्यावर लावा. धूर आणि थरथर पोळ्याखाली पोचता कामा नये.