५५०० कितीही ओढा, त्याचा ५६०० होत नाही

सातपूरकर: काल इथे एकाने छातीठोकपणे लिहिलं, "रायझन ५ ५५०० घ्या, ४.५ गिगाहर्ट्झला ओढा, झाला ५६००. उरलेल्या पैशांची मिसळ खा." डोकं फिरलं, म्हणून लांबण लावतोय. दोन्ही एएमडीचे प्रोसेसर; ओढणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग, ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं. ५५०० मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी, ५६०० मध्ये ३२. बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) क्लॉक म्हणजे वेग वाढतो, कॅश नाही. गेममध्ये मार तिथेच बसतो. वर ५५०० ला ग्राफिक्स कार्डाशी जोडणारा पीसीआयई मार्ग जुना, ३.० चाच. ज्याच्याकडे ६५०० एक्सटीसारखं त्या मार्गाच्या चारच लेन वापरणारं ग्राफिक्स कार्ड आहे त्याने काय करायचं? दोन्हींत सहा कोअर, बारा थ्रेड म्हणून माल एकच? मग द्राक्ष आणि बेदाणाही एकाच वेलीचे.

खटपट्या: "एकाने" काय, सरळ नाव घ्या की. माझा ५५०० दोन वर्षं ४.५ वर चाललाय. मी गेम खेळत नाही, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर लावतो. तिथे तुमच्या कॅशचं लोणचं घालू? वाचलेल्या पैशात टॉवर कूलर घेतला. तुम्ही प्रोसेसरच्या डबीतून येणाऱ्या कूलरवर ५६०० ओढा आणि मे महिन्यात पाथर्डी फाट्याला आमच्या स्लॅबखाली चहाला या. नाशिक थंड हवेचं, हे आता फक्त पाहुण्यांना सांगायचं.

सिडकोचा_नाना: दोघंही एएम४ च्या (एएमडीच्या जुन्या सॉकेटच्या) मढ्यावर भांडताय. इंटेलचा १२४००एफ घ्या आणि झोपा.

सातपूरकर: नाना, विषय ओव्हरक्लॉकिंगचा आहे. १२४००एफचा मल्टिप्लायर लॉक, म्हणजे वेग वाढवायची सोयच बंद. इंटेलमध्ये रीतसर करायचं तर "के"वाला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा मदरबोर्ड, म्हणजे बजेट तिथेच आडवं. इकडे एएमडीच्या बी४५० बोर्डावरही चालतं. (ए५२० वर ओव्हरक्लॉकिंग नाही, तो घेऊन मग रडत येऊ नका.)
आणि खटपट्या, सगळे कोअर ४.५ ला बांधून ठेवायचे दिवस गेले. माझ्या ५६०० ला पीबीओ (एएमडीचं आपोआप वेग वाढवणं), २०० मेगाहर्ट्झची सूट, कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेज कमी करणारी सेटिंग) वजा २०. ४.६५ पर्यंत जातो. वजा ३० ला सिनेबेंच ही चाचणी पास झाली, पण रात्री नुसता पडून असताना रिस्टार्ट.

द्राक्षबाग: कूलरचं निघालं म्हणून सांगते. प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट बदलायला डबीतला कूलर सरळ वर ओढला, तर सॉकेटचा खटका बंद असतानाच प्रोसेसर त्याला चिकटून बाहेर! एका कोपऱ्यातल्या चार पिना आडव्या. दुकानदार म्हणाला, पिना वाकल्या तर वॉरंटी नाही. शेवटी ०.५ च्या पेन्सिलीतली शिसं काढून तिच्या टोकाने एकेक पिन उभी केली, दीड तास, श्वास रोखून. चालू झाला.

सिडकोचा_नाना: इंटेलच्या प्रोसेसरला पिनाच नसतात. म्हणून सांगत होतो.

खटपट्या: हो, त्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात. त्या वाकल्या की पेन्सिल घेऊन बसा, आम्ही बघायला येतो.
ताई, काढण्याआधी पंधरा मिनिटं पीसीवर लोड द्यायचा, पेस्ट मऊ होते. मग बंद करून कूलर डावी-उजवीकडे पिळत काढायचा.

द्राक्षबाग: हे तेव्हा कुठे होतात?

सिडकोचा_नाना: मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून घेतला असता तर दुकानदाराने स्वतः बसवून दिला असता.

द्राक्षबाग: आणि वॉरंटीला दर वेळी पंचवटी एक्सप्रेसने बोर्ड मांडीवर घेऊन दादरला उतरायचं? तुम्ही जा.

सिडकोचा_नाना: मी गेलोय. तीनदा.

सातपूरकर: तीनदा का जावं लागलं, तेही सांगा.

सिडकोचा_नाना: तुम्हाला काय करायचंय? इथल्यांनी वाजवी भाव लावला असता तर गेलो असतो का?

सातपूरकर: बरं, राहिलं. खटपट्या, फक्त रेंडर करणाऱ्याला ५५०० चालेल, एवढं दिलं. पण "झाला ५६००" हे वाक्य मागे घ्या.

खटपट्या: केवढे उपकार! गेमपुरतं घेतलं मागे. तरी रविवारी तुमचा ५६०० आणा, माझ्या बोर्डावर लावून समोरासमोर रेंडर लावू.

सातपूरकर: आणतो. पण कूलर मीच काढणार.

द्राक्षबाग: पेन्सिल माझ्याकडे आहे.